स्वप्नांतला अपराध

सन २०२५ च्या आषाढांतली गोष्ट. सकाळीं साडेसातच्या सुमारास मी चहाचा पेला घेऊन व्हरांड्यांत बसलों होतों, तोंच माझ्या भाच्याचा दूरध्वनीवर निरोप आला. हा मुलगा इंग्लंडांत लीड्स येथें नोकरीस आहे. वय सव्वीस, शिक्षण यंत्रशास्त्राचें, स्वभाव हिशेबी. तिकडे गेल्यापासून त्याला व्हेपची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या सिगारेटची, संवय जडली होती. आणि त्या वर्षाच्या गुढीपाडव्यास त्यानें ती सोडली होती. निरोप आला तेव्हां तिकडे पहाटेचे तीन वाजले असले पाहिजेत. त्यांत एवढेंच होतें: "मामा, स्वप्नांत ओढली. चांगली दहा मिनिटें ओढली. उठून बसलों आहें. हें मोजायचें कीं नाहीं, तें तुम्ही सांगा. मोजायचें असेल तर शंभर दिवस फुकट गेले."

मी तत्काळ उत्तर धाडलें: "मोजूं नकोस. पाणी पी आणि झोप." व्यवहाराच्या दृष्टीनें तें उत्तर वाईट नव्हतें. पण तें पाठवून झाल्यावर माझा चहा निवून गेला आणि मी विचार करीत राहिलों. तीस वर्षें मी महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकवीत आलों आहें. या अवधींत विद्यार्थ्यांनीं मला पुष्कळ प्रश्न विचारले, त्यांतले बहुतेक परीक्षेसाठीं होते. प्रश्नापायीं पहाटे तीन वाजतां जागा बसलेला मनुष्य मला क्वचितच भेटला. शिवाय दुसरेंही एक कारण होतें. एकवीस वर्षांपूर्वीं जवळजवळ हाच प्रश्न मीं स्वतःला विचारला होता, त्याचें अगदीं उलट उत्तर दिलें होतें, आणि त्या उत्तराची किंमत पुढें तीन वर्षें सिगारेटी ओढून भरली होती. तेव्हां भाच्याला दोन शब्दांत मोकळें करण्याचा अधिकार मला खरोखर आहे काय, हा प्रश्न मला टाळतां येईना.

व्हेप म्हणजे काय, हें आमच्या वाचकांतील वडील मंडळींस ठाऊक नसण्याचा संभव आहे. आपल्याकडे २०१९ सालच्या कायद्यानें तिचें उत्पादन, आयात, विक्री, सांठा आणि जाहिरात यांवर बंदी आहे. तरी मोठ्या शहरांत ती चोरून मिळते, हें कोणत्याही महाविद्यालयाच्या फाटकाशीं घटकाभर उभें राहिल्यास कळतें. फाउंटनपेनाएवढें एक नळकांडें; त्यांत बॅटरी, तारेचें लहानसें वेटोळें, आणि ग्लिसरीन व तत्सम द्रवांत मिसळलेलें निकोटीन व कांहीं स्वाद. ओढलें कीं वेटोळें तापतें आणि द्रवाची वाफ तोंडांत येते. राख नाहीं, काडी नाहीं, कपड्यांना वास नाहीं. इंग्लंडांत सिगारेट सोडूं पाहणाऱ्यांना हें साधन तेथील सरकारी आरोग्यखातें सुचवितें. माझ्या भाच्यानें मात्र आयुष्यांत सिगारेट कधीं ओढलीच नव्हती. त्याला रोगावांचूनच औषध मिळालें.

या यंत्राविषयीं त्यानें सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. सिगारेटला शेवट असतो. पांचसात मिनिटांत ती संपते, बोटाला चटका देते, आणि दुसरी पेटवावयाची तर पुन्हां एक लहानसा निश्चय करावा लागतो. व्हेपला असा शेवट नाहीं. एक झुरका घेऊन ती खिशांत जाते, दुसऱ्या मिनिटाला पुन्हां बाहेर येते. बिछान्यांत पांघरुणाखालीं ती चालते, न्हाणीघरांत चालते, वाचतां वाचतां चालते. "मी दिवसांतून किती वेळां ओढतों, हें मला कधींच सांगतां आलें नसतें," असें तो म्हणाला. जिच्या सुखाला सीमा नव्हती तिच्या आठवणीलाही सीमा नसावी, हें ओघानेंच आलें. माझी सिगारेट कांहीं ठरलेल्या जागांना चिकटलेली होती. त्याची व्हेप त्याच्या दिवसाच्या प्रत्येक फटींत शिरून बसली होती. त्यामुळें सोडल्यावर माझ्या वाट्याला कांहीं ठराविक घटका वाईट आल्या, आणि त्याच्या वाट्याला सगळाच दिवस आला.

माझी हकीकत थोडक्यांत सांगतों. वसतिगृहांत असतांना लागलेली सिगारेट मीं २००३ च्या डिसेंबरांत सोडली. पहिला पंधरवडा वाईट गेला; पण तें दुःख शरीराचें होतें आणि शरीर आपले हिशेब लवकर पुरे करतें. निकोटीन रक्तांतून निम्में व्हावयाला सुमारें दोन तास पुरतात; चारपांच दिवसांत त्याचा मागमूस राहत नाहीं. मेंदूंत त्याच्या स्वागतासाठीं जीं जादा दारें उघडलेलीं असतात, तींही कांहीं आठवड्यांत मिटूं लागतात. राहतें तें निराळेंच. आमच्या अध्यापककक्षाच्या मागें चार दगडी पायऱ्या होत्या. दुपारीं पावणेतीनला शिपाई चहा आणी आणि आम्ही दोघेतिघे त्या पायऱ्यांवर जाऊन बसत असूं. सिगारेट सोडून सहा महिने झाल्यावरही त्या पायऱ्या दिसल्या कीं माझा उजवा हात आपण होऊन खिशाकडे जाई. आणि पाऊस पडूं लागला कीं विचारूंच नका.

त्या वर्षीं मी बी. ए. च्या वर्गाला गीतेचा तिसरा अध्याय शिकवीत होतों. कर्मेंद्रियें आवरून धरून मनानें विषयांचें स्मरण करणाऱ्याला तेथें मिथ्याचार म्हटलें आहे, हें वाचकांस माहीत आहेच. त्या श्लोकावर मी त्या दिवशीं फार चांगलें बोललों. ढोंग म्हणजे काय, बाह्य संयम आणि आंतरिक शुद्धि यांत अंतर किती, इत्यादि. तास संपवून बाहेर आलों, पाऊस कोसळत होता, आणि पायऱ्यांवर एक सहकारी नुकताच पेटवीत होता. त्या क्षणीं माझ्या मनांत लख्ख प्रकाश पडला कीं, तो श्लोक माझ्यावरच लिहिला आहे. दिवसांतून वीस वेळां मी मनानें सिगारेट ओढतों. रात्रीं स्वप्नांत ओढतों. रिकामा राहतो तो केवळ हात. म्हणजे मी सिगारेट सोडलेली नसून लोकांना दाखविण्यासाठीं हात आवरून बसलेला दांभिक आहें. दंभ हा धूम्रपानाहून हीन. तेव्हां प्रामाणिकपणासाठीं मीं सहकाऱ्याच्या पाकिटांतून एक उचलली. इतक्या उदात्त कारणासाठीं क्वचितच कोणी सिगारेट पेटविली असेल. ती पेटविली तेव्हां मला वाईट वाटलें नाहीं. उलट सत्याचा विजय झाल्यासारखें वाटलें. पुढें २००७ पर्यंत सत्य दररोज बारापंधरा वेळां विजयी होत राहिलें.

या युक्तिवादांतली चूक कोठें आहे, हें शोधण्यास मला बरींच वर्षें लागलीं. आणि ती चूक केवळ माझी नाहीं. व्यसन सोडलेल्या निदान दहा माणसांच्या तोंडून मीं ती निरनिराळ्या शब्दांत ऐकली आहे. "इच्छा गेली नाहीं तर सोडून उपयोग काय?" हें तिचें नेहमींचें रूप. पहिली गोष्ट ही कीं, मिथ्याचाराला प्रेक्षक लागतो. जो नाहीं तो असल्याचें दाखविणें, हें त्याचें लक्षण. मीं कोणाला काय दाखविलें होतें? घरांत, महाविद्यालयांत, भेटेल त्याला मी सांगत होतों कीं, एका झुरक्यासाठीं जीव कासावीस होतो आहे. इतक्या मोकळेपणानें बोलणारा दांभिक जगांत दुसरा नसेल. दुसरी गोष्ट त्या श्लोकाच्या शब्दांतच आहे. तेथें मनुष्य आठवीत 'बसतो'. आठवण येणें निराळें आणि आठवीत बसणें निराळें. दारावर आलेल्या पाहुण्याबद्दल यजमानाला कोणी दोष देत नाहीं. त्याला पाट मांडून जेवावयास बसविलें तर तें यजमानाचें कृत्य. आणि तिसरी गोष्ट, जी शिक्षक असून मला सुचूं नये याची आजही लाज वाटते, ती अशी कीं, त्याच गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत उपवास करणाऱ्याचे विषय सुटतात पण त्यांची गोडी उरते, असें स्वच्छ सांगितलें आहे. गोडी जावयास आणखी कांहीं थोर वस्तूचें दर्शन व्हावें लागतें. तें केव्हां होईल याचें वेळापत्रक तेथें दिलेलें नाहीं. म्हणजे विषय सुटले आहेत आणि गोडी सुटलेली नाहीं, असा एक मधला मुक्काम गीताकारांनाच मान्य आहे. त्या मुक्कामावर मनुष्य किती दिवस राहील हें सांगतां येत नाहीं. परंतु तेथें राहणारा ढोंगी नव्हे, एवढें निश्चित.

आमच्या भाषेनें तर हा भेद लहान मुलाच्याही तोंडीं घातला आहे. इंग्रजींत मनुष्य स्वप्न 'करतो' असा कांहींसा प्रयोग आहे. तेथें स्वप्नाचा कर्ता मी. मराठींत मला स्वप्न पडतें. मला तलफ येते. जशी शिंक येते, ताप येतो, पाऊस पडतो, तशी. 'मीं तलफ केली' असें कोणी म्हणत नाहीं. पण सिगारेट ओढण्याची गोष्ट निघाली कीं व्याकरण तत्काळ बदलतें: मीं ओढली. 'मला' आणि 'मीं' या दोन रूपांच्या मध्यें नीतिशास्त्राचा निम्मा ग्रंथ मावतो, असें मला कधीं कधीं वाटतें. अर्थात् व्याकरणाच्या हातीं न्यायदान सोंपविण्यांत धोका आहे. मला राग येतो, मला शेजाऱ्याचा हेवा वाटतो. तेथेंही प्रयोग तोच. म्हणून हेवा वर्षानुवर्षें वाटत राहिला तरी माझ्याकडे बोट दाखवूं नये, असें म्हणतां येणार नाहीं. पहिल्यांदा येणें माझ्या हातीं नसेल; पण वारंवार येणाऱ्याला मी काय खाऊं घातलें, हें विचारावेंच लागतें. तलफेचें अन्न कोणतें हें प्रत्येकाला आपापलें ठाऊक असतें. माझा भाचा तीन महिने जुनें नळकांडें खणांत जपून ठेवीत होता. 'परीक्षा म्हणून' असें तो म्हणे. तें फेकून दे, एवढा एकच व्यवहारी सल्ला मीं त्याला दिला असेन.

तलफेचें असें झालें. स्वप्नाचें काय? जागेपणीं पाहुण्याला दारांतून परत लावण्यास निदान यजमान घरीं असतो. झोपेंत तो कोठें असतो?

हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोनें आपल्या रिपब्लिकच्या नवव्या भागांत म्हटलें आहे कीं, विवेक झोपी गेला म्हणजे प्रत्येक माणसांतील रानटी वासना उठून मोकाट हिंडतात. अगदीं सभ्य दिसणाऱ्यांच्याही. पण त्याहून मनाला भिडतो तो संत ऑगस्टीन. इ. स. ४०० च्या सुमारास, बिशप झाल्यावर, आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागांत त्यानें कबूल केलें आहे कीं, जागेपणीं ज्या जुन्या सुखांचीं चित्रें आपल्यापुढें निर्बल होऊन येतात, तींच झोपेंत संमति मिळवून जातात. मग झोपेंत मी मी नसतों काय, असा त्याचा प्रश्न आहे. आणि त्याचें जें अर्धेंमुर्धें उत्तर आहे, तें वाचतांना मला आमचें मराठी व्याकरण आठवतें: जागें झाल्यावर त्याच्या सदसद्विवेकाला शांति मिळते, कारण तें आपण केलें नाहीं हें त्याला कळतें, तरी आपल्या ठायीं तें कसें कां होईना घडलें, याचें त्याला दुःख होतें. करणें आणि घडणें. भाच्याच्या निरोपांतला पहाटेचा खेद हा नेमका याच जातीचा.

आमच्याकडे बृहदारण्यकांत याज्ञवल्क्य जनकाला सांगतो कीं, स्वप्नांत पुरुष हिंडतो, रमतो, पुण्य आणि पाप दोन्ही पाहतो, आणि जसा गेला तसा परत येतो. तेथें पाहिलेलें त्याच्या मागोमाग येत नाहीं, कारण तो असंग आहे. बौद्ध भिक्षूंच्या विनयांत ब्रह्मचर्याच्या एका कडक नियमांतून स्वप्नांतील गोष्ट स्पष्ट शब्दांत वगळली आहे. शिस्तीच्या बाबतींत विनयकारांइतके काटेकोर लोक थोडे. त्यांनाही झोपलेल्या माणसावर खटला चालविणें गैर वाटलें.

परंतु उलट बाजूला एक मोठा साक्षीदार उभा आहे, आणि तो आमच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा आहे. कथेकऱ्यांच्या तोंडून आपण ऐकलेला हरिश्चंद्र विश्वामित्राला राज्य देतो तें स्वप्नांत. आणि सकाळीं ऋषि दारांत उभा राहिला तेव्हां "तें स्वप्न होतें" असें म्हणत नाहीं. स्वप्नांतलें दान जर खरें, तर स्वप्नांतला झुरका खोटा कसा? मला वाटतें, येथें सूक्ष्म विचार केला पाहिजे. हरिश्चंद्राला त्या दानानें कोणी बांधलें नव्हतें. सकाळीं जागेपणीं त्यानें स्वतःला बांधून घेतलें. त्याचें थोरपण सकाळचें आहे, रात्रीचें नव्हे. स्वप्नांत राज्य देणारे राजे पुष्कळ असतील. उठून तें सोडणारा एक. तोच न्याय उलट बाजूनें लावला तर स्वप्नांत ओढणाऱ्याचा प्रश्नही सकाळीं सुरू होतो: उठल्यावर तो खणाकडे जातो कीं पाण्याच्या भांड्याकडे?

फ्रॉइडचें मत याहून कठोर आहे. १९२५ सालीं त्यानें या विषयावर एक छोटें प्रकरण लिहिलें आणि त्यांत म्हटलें कीं, स्वप्नांतील दुष्ट इच्छा कोणा भुताखेतांनीं घातलेल्या नसतील तर त्या माझ्याच आहेत, आणि त्यांची जबाबदारी मी घेतली नाहीं तर घेणार कोण? युक्तिवादाला तोड नाहीं. मात्र तो लिहिणारा गृहस्थ कसा होता हेंही लक्षांत ठेवावें. १९२३ सालीं त्याच्या जबड्यांत कर्करोग निघाला, पुढें सोळा वर्षांत तीसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि तरीही त्याचा सिगार कायमचा सुटला नाहीं. मनाच्या तळाशीं काय आहे हें इतकें स्पष्ट पाहणाऱ्याला ओठांमधलें काढून टाकतां येऊं नये, याचा मला उपहास करावासा वाटत नाहीं, वाईट वाटतें. इच्छा माझी आहे हें मान्य करणें आणि तिचा मी दास आहें हें मान्य करणें, या दोन कबुल्यांमध्यें अंतर आहे. पहिली द्यावी. दुसरी देण्याची घाई करूं नये.

या प्रकारच्या स्वप्नांचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे, आणि तो वाचून माझ्या मताला वेगळेंच वळण लागलें. हायेक व बेल्चर या दोघांनीं १९९१ सालीं, एक ते चार आठवडे सिगारेटीपासून दूर राहिलेल्या २९३ लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं शेंकडा ३३ लोकांना ओढण्याचीं स्वप्नें पडलीं होतीं. बहुतेक स्वप्नांचा सांचा एकच: मनुष्य ओढतांना स्वतःला पकडतो आणि भयानें किंवा अपराधाच्या जाणिवेनें दचकतो. अशीं स्वप्नें शेंकडा ९७ लोकांना सिगारेट चालू असतांना पडत नव्हतीं. आणि ज्यांना तीं पडलीं, ते पुढें व्रत टिकविण्यांत अधिक यशस्वी झाले.

मीं भाच्याला पुढच्या रविवारीं विचारलें कीं, तुझें स्वप्न नीट सांग. तो म्हणाला, "मी एका बसथांब्यावर उभा होतों. हातांत ती आधींपासूनच होती; मीं ती कधीं काढली हें ठाऊक नाहीं. ओढतां ओढतां एकदम आठवलें कीं, अरे, आपण तर सोडली आहे! पोटांत धस्स झालें, मामा. आणि मग वाटलें, आतां गेलेंच आहे तर आणखी ओढावी." पहिल्या अर्ध्याविषयीं मीं त्याला सांगितलें कीं, जो दचकला तो कोण, याचा विचार कर. मार्चपूर्वीं तुझ्या स्वप्नांत असा कोणी दचकणारा नव्हता. संवय जितकी खोल गेली होती तितक्याच खोल तुझा निश्चयही आतां उतरला आहे, नाहींतर झोपेंत त्याची गांठ पडती ना. पहारेकरी आरडाओरडा करतो याचा अर्थ वाड्यांत पहारेकरी आहे.

दुसऱ्या अर्ध्याविषयीं मी थोडा वेळ गप्प राहिलों; कारण तें वाक्य स्वप्नांतलें असलें तरी फार जागें होतें. "आतां गेलेंच आहे तर आणखी ओढावी." आमच्याकडे सोंवळ्याची जी कल्पना आहे तीच ही. एकदां स्पर्श झाला कीं सगळेंच ओंवळें. मग दिवसभर कोठेंही हात लावला तरी फरक नाहीं. भाच्याच्या दूरध्वनींत दिवस मोजणारी एक योजना आहे. एक दिवस चुकला कीं आंकडा पुन्हां शून्यावर येतो. विल्यम जेम्सनें आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथांत (१८९०) नव्या संवयीला एकही अपवाद होऊं देऊं नका असें बजावलें आहे, आणि 'ही खेप मोजूं नका' म्हणणाऱ्या मद्यप्याची आठवण देऊन सांगितलें आहे कीं, तुम्ही मोजली नाहीं तरी तुमच्या मज्जातंतूंत ती मोजली जातेच. हें खरें आहे. पण जेम्सच्याच न्यायानें पाहिलें तर न ओढलेले शंभर दिवसही मज्जातंतूंत मोजले गेले आहेत. ते कोणत्या अधिकारानें पुसले जातात? घसरण्यापूर्वीं 'एकही नाहीं' हा नियम बळ देतो; घसरल्यानंतर तोच नियम विष होतो. दोन वेळांचे दोन नियम असावेत. मीं त्याला स्पष्ट सांगितलें कीं, स्वप्नांत सोड, उद्यां जागेपणीं एक झुरका घेतलास तरी शंभराचे शून्य होत नाहींत. शंभरांतला एक वाईट दिवस होतो. हें सांगावें कीं नाहीं याविषयीं मी साशंक होतों. तरुण माणसाच्या हातीं असली सवलत देणें म्हणजे किल्ली देण्यासारखें आहे. पण २००४ सालीं मला हें कोणी सांगितलें असतें तर ती एक सिगारेट एकच राहिली असती.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सगळींच स्वप्नें दचकविणारीं नसतात. मला अशींही पडलीं आहेत कीं ज्यांत भय नाहीं, खेद नाहीं, निव्वळ सुख आहे. तीं उरलेल्या गोडीचीं स्वप्नें, आणि त्यांना पहारेकऱ्याची उपमा लागू पडत नाहीं. ॲरिस्टॉटलनें दोन प्रकारचीं चांगलीं माणसें सांगितलीं आहेत: वाईट इच्छा असून तिला आवरणारा संयमी, आणि जिच्या वाट्याला आवरण्याजोगी इच्छाच उरली नाहीं तो शांतवृत्ति. त्याच्या मतें दुसरा श्रेष्ठ. आपल्याकडील पुष्कळांना पहिला श्रेष्ठ वाटतो, कारण झगडा त्याचा आहे. मी वर्गांत दोन्ही बाजू मांडतों. पण स्वतःपुरतें विचाराल तर मला दुसरा मनुष्य कधीं भेटलेला नाहीं. जे तसे दिसले ते इच्छा लपविण्यांत कुशल होते, किंवा त्यांनीं मुळांत न आवडणारी वस्तु सोडली होती. आमच्या आजीनें काशीला जाऊन कारलें सोडलें, आणि त्याचा अभिमान तिनें मरेपर्यंत बाळगला. योगसूत्रांत क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत, त्यांतली 'प्रसुप्त' ही एक. बीज भाजलें तरच तें पुन्हां उगवत नाहीं, असें व्यासभाष्यांत आहे. अठरा वर्षांनंतर माझें बीज भाजलें आहे असें म्हणण्याचें धाडस मला होत नाहीं. तें निजलें आहे, आणि मी निजलों कीं कधीं कधीं तें जागें होतें.

आमच्या एका आत्यानें चाळीस वर्षांची मिश्री दातांच्या डॉक्टराच्या सांगण्यावरून सोडली. तंबाखूचीं पानें तव्यावर भाजल्याचा तो खरपूस वास माझ्या बालपणाला चिकटलेला आहे. सोडल्यावर कैक वर्षांनीं तिला मीं एकदां विचारलें कीं, आठवण येते का? ती म्हणाली, "दिवसा नाहीं रे. पण स्वप्नांत तवा चुलीवर ठेवतें कधीं कधीं." मग काय करतेस? "उठतें, चूळ भरतें, पुन्हां निजतें." मीं विचारलें, वाईट नाहीं वाटत? तिला तो प्रश्नच नीट समजला नाहीं. "वाईट काय वाटायचें? तोंड तर स्वच्छ आहे." ऑगस्टीनपासून फ्रॉइडपर्यंत मीं जें वाचलें, तें तिच्यासमोर मांडण्याची मला छाती झाली नाहीं. तिला या प्रश्नांतलें कांहीं कळत नव्हतें, कीं सगळें कळलें होतें, याचा निर्णय मला अद्याप करतां आलेला नाहीं.

गेल्या डिसेंबरांत मला पुन्हां एक पडलें. त्या चार पायऱ्या होत्या, जी इमारत पाडून आतां सहा वर्षें झालीं. पाऊस होता. माझा तो सहकारी, जो हयात नाहीं, पाकीट पुढें करून कांहीं न बोलतां बसला होता. मीं एक घेतली. त्यानें काडी धरली. भय, खेद कांहीं नव्हतें; फार दिवसांनीं भेट झाल्याचा आनंद तेवढा होता. चार वाजतां जाग आली, आणि डोळे उघडल्यावरही क्षणभर मला तो वास येत होता. तलफ सिगारेटची होती कीं त्या माणसाची, हें सांगणें कठीण. मी उठलों, चूळ भरली, गॅसवर चहाचें आधण ठेवलें. मग मनांत आलें म्हणून भाच्याला दोन शब्द लिहिले: "मलाही पडलें." तिकडे रात्रीचे साडेदहाच वाजले होते. आधण उकळण्यापूर्वीं उत्तर आलें: "मग मामा, तुमचीं अठरा वर्षें धरायचीं कीं सोडायचीं?"